मटाराच्या टरफलांखाली

माझी सगळी नोकरी लाल गाड्यांवर तिकिटं तपासण्यात गेली. फाट्यावर उभं राहून गाडीला हात करायचा, वर चढायचं आणि तिकिटं मागायच्या आधी सगळ्यांचे चेहरे बघून घ्यायचे. ज्याच्याकडे तिकीट नसायचं तो खिडकीबाहेर फार मन लावून बघत असायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला माप भरताना मी त्याच्या अंगठ्याकडे बघतो. डॉक्टर "काळजीचं कारण नाही" म्हणाले की मला काळजी वाटायला लागते. बायको म्हणते, "तुमचा तुमच्या सावलीवर तरी विश्वास आहे का?" मी म्हणतो, आहे, पण तीसुद्धा भर दुपारी पायाखाली जाऊन लपते.

असल्या माणसानं वृद्धाश्रमात जाऊ नये. पण बायकोला कंपवात झाला. हिंजवडीजवळच्या चांदे गावात मुलीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघंच असायचो. मुलगी आणि जावई दोघंही हिंजवडीला कामाला, आणि लिफ्ट बंद पडली की आम्ही वरच्या वर लटकलेले. शेवटी मुलीनंच रिहे खोऱ्यातली ही जागा शोधली. जागा चांगली आहे, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. समोर भाताची खाचरं, मागे डोंगर, जेवण वेळेवर. आम्हाला दोघांना मिळून एक खोली मिळाली, पुढे छोटा व्हरांडा. दोन खाटा एकमेकींना लावून घेतल्या, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आश्रमाच्या दोन इमारती. आमची पुढची, ज्यांना स्वतःचं स्वतः करता येतं त्यांच्यासाठी. खाचराच्या बांधावरून पलीकडे गेलं की दुसरी, तिला सेवागृह म्हणतात. तिथे बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. नवऱ्यानं बायकोला भेटायचं ते संध्याकाळच्या चहानंतर, दिवेलागणीला घंटा झाली की उठायचं. दाखल होताना मॅनेजर बाईंनी हे सगळं हसतमुखानं सांगितलं होतं. त्या आधी इस्पितळात परिचारिका होत्या आणि वाईट गोष्टी हसतमुखानं सांगायची त्यांना सवय आहे.

दिवाळी झाली आणि बायकोचं लघवीवरचं नियंत्रण गेलं. आधी कधीतरी, मग रोज. डोकं तिचं लख्ख आहे. हातपाय ऐकत नाहीत आणि आवाज बारीक झालाय एवढंच. हे ऑफिसात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिची खाट बांधाच्या पलीकडे गेली असती. आणि मला तिच्याशिवाय झोप लागत नाही. इतकं साधं कारण होतं. रात्री कूस बदलताना हात लांब केला की ती तिथे लागली पाहिजे, नाहीतर मी उठून बसतो. लग्नापासूनची खोड आहे. म्हणून मी ठरवून टाकलं की हे कुणाला कळता कामा नये. तिला मी म्हटलं, "तू काही काळजी करू नकोस, मी बघतो सगळं."

डायपर आणणं सोपं होतं. गुडघ्याचं मलम आणायला जातो असं सांगून मी पिरंगुटला जायचो, औषधांच्या दुकानातून पाकीट घ्यायचो आणि पिशवीत वर पालेभाजी ठेवायचो. बदलायला मी शिकलो. सुरुवातीला उलटं बांधलं होतं, ती हसली होती. वापरलेलं टाकायचं कुठे, हा मात्र खरा पेच निघाला.

आमच्या आश्रमात कचऱ्याचं प्रस्थ देवघरापेक्षा मोठं आहे. पूर्वी म्हणे सगळा कचरा मागच्या कुंपणाला ढीग करून ठेवायचे. मग एकदा गावातल्या कुत्र्यांनी सेवागृहातले डायपर ओढत नेले ते थेट शाळेच्या वाटेवर, आणि गाव चालून आलं. तेव्हापासून स्वयंपाकघरामागे जाळीच्या दाराची, कडी घातलेली कचराखोली आहे. तिची फरशी रोज फिनेलनं धुतात. ओलं वेगळं, सुकं वेगळं, सुयांना घट्ट झाकणाची बरणी, आणि डायपर, बँडेज वगैरेंसाठी लाल झाकणाचा डबा. त्यात टाकायचं ते कागदात गुंडाळून, बांधून. आमच्या इमारतीत असा लाल डबा एकच, आणि तो ठेवलेला कुठे, तर ऑफिसच्या खिडकीखाली. हे मुद्दाम केलंय, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. त्या डब्याचं झाकण उचललं की आवाज होतो, आणि आवाज झाला की मॅनेजर बाई मान वर करतात.

सुक्या कचऱ्यात टाकावं तर तो डोंगरावरच्या वाडीतून येणाऱ्या मावशी ओट्यावर पसरून हातानं निवडतात. राहिला ओला. व्हरांड्याच्या टोकाला हिरवं पिंप होतं, त्यातला पालापाचोळा, फळांच्या साली वगैरे मागच्या खड्ड्यात खतासाठी जायच्या. खड्ड्यात कोण हात घालतोय, असा मी विचार केला.

त्यातून मटाराचे दिवस आले. थंडीत आमच्याकडे पद्धत आहे, स्वयंपाकघरातून मटाराची पोती येतात आणि सगळे रहिवासी व्हरांड्यात उन्हाला बसून शेंगा सोलतात. दाणे पातेल्यात, टरफलं पिंपात. म्हाताऱ्यांच्या बोटांना व्यायाम आणि आश्रमाची मजुरी वाचते. मॅनेजर बाई फक्त पहिलं कारण सांगतात. मला मात्र ती पद्धत देवासारखी धावून आली. सकाळी सगळे न्याहारीला गेले की मी कागदात गुंडाळलेलं पुडकं पिंपात तळाशी खुपसायचो आणि वर टरफलांचा ढीग ओढायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या उत्साहानं शेंगा सोलणारा माणूस आश्रमानं पाहिला नसेल. टरफलं कमी पडतील या भीतीनं मी दुसऱ्यांच्या वाटणीच्याही सोलायला लागलो.

पण चोराच्या मनात चांदणं. शेजारच्या खोलीत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात, सडेफटिंग. त्यांनी त्याच सुमारास व्हरांड्यात उदबत्ती लावायला सुरुवात केली. सकाळ, संध्याकाळ. आधी कधी देवाला हात जोडलेला माणूस नव्हे. मी शेंगा सोलत बसलो की ते माझ्याशेजारी खुर्ची टाकायचे, नाक वर करून हुंगल्यासारखं करायचे आणि "काय, वहिनी बाहेर नाही आल्या?" असं विचारायचे. इतकं साधं विचारायचे की साधं असणं शक्यच नव्हतं. मी म्हणायचो, थंडी फार आहे. ते म्हणायचे, "ऊन तर छान पडलंय." मला तो वाकडा टोमणा वाटायचा.

मावशींचा वेगळाच त्रास. खोल्या झाडणं, पुसणं त्यांच्याकडे. मी त्यांना दारातच अडवायला लागलो. केरसुणी हातातून घ्यायचो, म्हणायचो, मीच झाडतो, मला व्यायाम पाहिजे.

"आवो बाबा, झाडनं माजं काम हाय," त्या म्हणाल्या. "तुमी झाडलं आन् म्याडमनी बघितलं तर मला बोलत्याल."

"नाही बोलणार. मी सांगतो."

"आन् संडास कोन धुनार?"

"तोही मीच."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावायचा प्रयत्न केला. बायकोनं खाटेवरून हात हलवला. काय खूण केली कोण जाणे, मी मध्ये उभा होतो. "ताईंना बरं न्हाई का?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, झोपल्या आहेत. हात हलवणारी बाई झोपली आहे असं सांगणारा मी, आणि ते ऐकून घेणाऱ्या त्या. त्या गेल्या, पण वळून बघत गेल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग एका सकाळी म्हशीवाला आला.

हा शेजारचा शेतकरी. आश्रमाची जमीन मूळची त्याचीच. विकली, तरी पाय अजून इथून निघालेला नाही. स्वयंपाकघरातली भाजीची देठं, शिळ्या चपात्या तो म्हशींसाठी न्यायचा, हे मला माहीत होतं. मटाराची टरफलं म्हशी आवडीनं खातात आणि त्यानं दूध वाढतं, म्हणून या दिवसांत आमच्या व्हरांड्यातलं पिंपही तो उचलून न्यायला लागला होता, हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, पण मी पडलो शहरातला. टरफलं म्हणजे माझ्या लेखी कचरा.

तो आला तो एका काठीच्या टोकाला माझं पुडकं अडकवून. कागद फाटला होता आणि आतला तो फुगलेला चिकट लगदा लोंबत होता. आम्ही सगळे उन्हाला बसलो होतो.

"ओ म्याडम! भाईर या!" तो अंगणातूनच ओरडला. "ह्ये काय हाय? ह्ये माज्या म्हशीम्होरं आलंया!"

मॅनेजर बाई बाहेर आल्या.

"गाभन म्हैस हाय माजी. त्वांड घातलं व्हतं तिनं. पोटात ग्येलं आस्तं तर काय केलं आस्तं मी? आमी हितनं शेंगा नेतो, तुमची लंगुटं न्हाई नेत!"

बँकेतल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. निदान मला तसं वाटलं. मी खिडकीबाहेर बघावं तसा समोरच्या खाचरांकडे मन लावून बघायला लागलो आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन पटकन मान खाली घातली.

बाईंनी त्याची माफी मागितली, पिंप धुऊन द्यायला सांगितलं आणि दुपारी जेवणघरात सगळ्यांना बसवलं. "कुणी लाज बाळगायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला गरज लागत असेल तर मला येऊन सांगा. पण असलं काही ओल्या कचऱ्यात गेलं तर माशा होतात, जनावरं ओढतात, रोगराई पसरते. आणि खोलीत दडवून ठेवलं तर ज्याचं आहे त्यालाच पहिला त्रास होतो."

हा सूर माझ्या ओळखीचा. मीही गाडीत चढल्यावर म्हणायचो, "घाबरू नका, खरं काय ते सांगा," आणि पोरानं खरं सांगितलं की दंडाची पावती फाडायचो. सेवागृहाची इमारत जेवणघराच्या खिडकीतून समोर दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यातलं पिंप गेलं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र डबे आले, त्यांवर खोलीचा क्रमांक रंगवलेला. सकाळी मावशी दाराशी येऊन झाकण उघडून बघणार आणि मगच कचरा उचलणार. सगळ्यांसाठी नियम होता, पण माझी खात्री पटली की ही सगळी फिल्डिंग माझ्या एकट्यासाठी लावली आहे.

आता पुडकी जाणार कुठे? खाटेखाली आमची जुनी प्रवासाची बॅग होती. तिच्यात मी ती पिशवीत बांधून ठेवायला लागलो. वास येऊ नये म्हणून कापराच्या वड्या टाकल्या आणि खिडकी बंद केली. कापूर आणि तो वास मिळून जे काही झालं, त्यापेक्षा नुसता वास बरा होता. मुंग्या लागल्या. बायको खिडकीकडे बोट दाखवायची. मी म्हणायचो, "शेजारी बसलेत बाहेर. थांब जरा." बदलायची वेळ झाली तरी मावशी व्हरांड्यात असतील तर थांबायचं, साहेब खुर्ची टाकून बसले असतील तर थांबायचं. तिच्या पाठीला खाली, माकडहाडावर, लाल चट्टा उठला. मी पावडर लावली. मला वाटलं घामोळं असेल. थंडीच्या दिवसांत घामोळं कसं, हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारल्यावाचून सोडला नसता.

बॅग भरली. ती घेऊन मी पिरंगुटला उतरलो आणि तिथून उरवड्याकडे जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात बसलो. तिकडे कारखाने आहेत, त्यांच्या भिंतींमागे ओढे आहेत, कोण कशाला बघतंय, असा माझा हिशेब. रिक्षात कामावर निघालेली उत्तरेकडची दोन माणसं होती. त्यातला एक बॅगेकडे बघून म्हणाला, "चाचा, मछली है क्या?" जन्मात मासळी न शिवलेला मी म्हणालो, "हां." ते दोघं पलीकडे सरकले.

एका वळणावर उतरलो. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. ओढ्याच्या काठाला आधीच कुणाकुणाच्या काळ्या पिशव्या पडल्या होत्या, म्हणजे जागा रूढ होती. मी बॅगेची चेन उघडली आणि वरून आवाज आला.

"ओ बाबा! काय टाकताय तितं?"

बांधावर एक बाई गवत कापत होती. हातात विळा. तिच्या शेळ्या बाभळीखाली होत्या.

"काही नाही," मी म्हणालो. "कपडे आहेत जुने."

"जुनी कापडं टाकाया कोन रिक्षा करून येतंय व्हय?" ती खाली उतरली. "शेरातनं मोटारी भरून येत्यात आन् वढ्यात टाकून जात्यात. मागच्या टायमाला माजी शेळी मेली पिशवी खाऊन. तुमी तर म्हातारं मानूस. चांगल्या घरचं दिसताय की."

शेवटचं वाक्य मला विळ्यापेक्षा जास्त लागलं. मी चेन लावली. ती मी रिक्षात बसेपर्यंत तिथेच उभी राहिली. परतीच्या वाटेवर बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की या गाडीत कुणी तपासनीस चढू नये.

पण शहाणपण आलं म्हणावं तर तेही नाही. दोन दिवसांनी मी पुन्हा पिरंगुटला गेलो. डायपर संपत आले होते, आणि बॅग रिकामी करायला दुसरी जागा बघून यावी, असाही विचार होता. निघताना बायकोला म्हटलं, "लगेच येतो." ती म्हणाली, "आधी बदला." मी बाहेर डोकावलो. मावशी पलीकडचीच खोली झाडत होत्या. "आल्यावर बदलतो," मी म्हणालो आणि दार बाहेरून ओढून घेतलं. गाडी उशिरा मिळाली, दुकानात गर्दी, यायला दुपार उलटली.

आलो तर खोलीचं दार सताड उघडं. खिडकी उघडी. फरशी पुसलेली, फिनेलचा वास. खाटेखालची बॅग नव्हती. दोरीवर आमच्या चादरी वाळत होत्या. आणि खाट, दोन्हींपैकी भिंतीकडची, रिकामी होती.

पिशवी हातातच होती. मी आधी शेजारी गेलो. साहेब पेपर वाचत होते.

"समाधान झालं?" मी म्हणालो.

"कसलं?"

"तुम्हीच सांगितलंत. इतके दिवस नाक लावून बसलेले. ती उदबत्ती कशासाठी होती, मला कळत नाही का?"

त्यांनी चष्मा काढला. "डास चावतात हो मला. आणि नाकाचं म्हणाल तर सर्दीनं गेले दोन महिने मला वासच येत नाही. सारखं हुंगून बघतो, आला का म्हणून. झालं काय?"

मी तडक कचराखोलीकडे गेलो. मावशी जाळीच्या दाराआड लाल डबा धूत होत्या. त्यांच्यावर तर मी आवाजच चढवला. म्हटलं, तुम्ही खोलीत शिरलात, तुम्हीच चहाडी केलीत.

"बाबा, मी कशाला सांगू?" त्या रागानं म्हणाल्या. "मला ठावंच न्हवतं. तुमी कदी आत येऊ दिलं का मला? मला वाटलं, ह्यो मानूस ताईला मारतुया का काय."

इतके दिवस मी त्यांच्यावर संशय घेत होतो, आणि त्या माझ्यावर घेत होत्या तो हा. दार अडवून उभा राहणारा नवरा, आत हात हलवणारी बायको. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच धरलं असतं.

मॅनेजर बाई ऑफिसात होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, जखम झाली आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बघून गेले. वेळेवर कळलं, भरून येईल. आज नको, उद्या संध्याकाळी भेटा." कुणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "ते उद्या काकूंनाच विचारा."

ती रात्र मी बसून काढली. शेजारची खाट त्यांनी नेली नव्हती. नुसती गादी उन्हात टाकून परत आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा चहा न घेताच मी बांधावरून पलीकडे गेलो. सेवागृहाच्या दाराशी नळ आहे, तिथे साबणानं हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. बायकांच्या खोलीत सहा-सात खाटा, प्रत्येकीला पडदा. ती खिडकीजवळ कुशीवर झोपवलेली होती, पाठीमागे उशी. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू. मी स्टूल ओढून जवळ बसलो.

"कुणी सांगितलं त्यांना?" मी विचारलं. खरं तर आधी "कशी आहेस" विचारायला हवं होतं.

"मीच बेल वाजवली," ती म्हणाली.

खाटेच्या डोक्याशी बेलचं बटण असतं, प्रत्येक खोलीत. आमच्याही होतं. मी साऱ्या आश्रमाच्या तोंडांवर पहारा ठेवला होता, त्या बटणाचा विचारही मनात आला नव्हता.

"दार लोटून मॅनेजर बाई आल्या," ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द गोळा करून. "मी म्हटलं, मला धुवा. बॅग मीच दाखवली."

"मी येणारच होतो की लगेच."

"तुम्ही आधी दार लावता. मग खिडकी. मग बाहेर कोण आहे ते बघता. मग पडदा. तोवर मी तशीच. रोज." ती दमून थांबली. "भाजतं हो तिथे. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

मी भांडायला आलो होतो. पण आतून जे आलं तेच बोललो. मला कमी ऐकू येतं म्हणून मी नेहमीच मोठ्यानं बोलतो. पडद्यांपलीकडच्या सगळ्या बायकांनी ऐकलं असणार.

"तुझ्याशिवाय मला झोप लागत नाही. म्हणून केलं सगळं. दुसरं काही नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. थरथरता हात तिनं चादरीतून बाहेर काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. "मला काल लागली. कोरडं होतं ना. एकदाही जाग आली नाही."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखालची सूज उतरली होती. इतके दिवस ती सूज तिथे होती, हे मला ती उतरल्यावर दिसलं.